कोपऱ्यावरचं कॉफी शॉप बंद झालं. आता बसायचं कुठे?

शेवंता_कोथरूड (धागाकर्ती):

गेल्या सोमवारी नेहमीसारखी चारला पोहोचले, तर शटर अर्धं खाली. आत दोन माणसं सोफे उचलून टेम्पोत भरत होती. काचेवर एक कागद चिकटवलेला : ही शाखा बंद करण्यात आली आहे, आपल्या प्रेमाबद्दल आभारी आहोत. आदल्या गुरुवारी मी तिथेच दोन तास होते. काउंटरवरच्या मुलाने चकार शब्द काढला नाही. नंतर कळलं, त्यालाही शनिवारीच सांगितलं होतं. साखळीचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

मी जर्मनच्या शिकवण्या घेते, एका वेळी एक किंवा दोन विद्यार्थी. घरी सासूबाई आणि त्यांच्या मालिका असल्यामुळे गेली सहा वर्षं खिडकीजवळचं ते टेबल हीच माझी शाळा होती. दर तासाला दोन कॉफ्या आणि काहीतरी खायला मागवत होते, फुकट बसले नाही. (हे आधीच सांगून ठेवते, कारण कोण काय लिहिणार आहे ते मला माहीत आहे.)

आता प्रश्न. शेजारचं ब्लाउज शिवणाऱ्या काकांचं दुकान दोन वर्षांपूर्वी बंद झालं, तेव्हा मला हळहळ वाटली. हे बंद झालं तर चक्क राग आला. फसवल्यासारखं वाटलं. एका कंपनीचं दुकान, माझा त्यावर काय हक्क? तरी राग येतोच. तुमच्याही भागातली बंद झाली असतील ना? तुम्हाला काय वाटलं? आणि मुख्य म्हणजे कर्वे रोडच्या आसपास दोन तास बसू देतील अशी जागा सुचवा.

खडूस_पेठकर:

मीच तो, ज्याची तुम्ही वाट बघत होतात.

तासाला दोन कॉफ्या म्हणजे तुम्ही अपवाद. बाकीची गिऱ्हाइकं आठवा. एक कॅपुचिनो, तीन मित्र, चार तास, वर एसी वाढवा आणि वायफायचा पासवर्ड द्या. मोक्याच्या जागेचं भाडं, वीज, चार पोरांचे पगार यात कसे निघायचे? अमृततुल्यात माणूस उभ्याउभ्या चहा पितो, दहा रुपये ठेवतो आणि चालू लागतो. म्हणून ती गल्लोगल्ली आहेत आणि तुमचे सोफे टेम्पोत आहेत.

बोका:

दहा कुठे? आमच्याकडे पंधरा झाले. कुठल्या पेठेत राहता हो?

खडूस_पेठकर:

सांगणार नाही. गर्दी होईल.

सदाफुली:

राग का येतो ते मी सांगते. माझं लग्न एका कॉफी शॉपमध्ये ठरलं.

साल २००९. आमच्या घरी कांदेपोह्यांचा कार्यक्रम रद्द होऊन 'मुलं बाहेर कॉफी घेऊन येतील' अशी प्रगती झाली होती. सीसीडीत (कॅफे कॉफी डे) भेटलो. मेनूकार्डावरचं ट्रॉपिकल आइसबर्ग हे एकच नाव मला न अडखळता म्हणता येत होतं, म्हणून ते मागवलं. तो म्हणाला, मलाही तेच. त्याला थंड खाल्लं-प्यायलं की शिंका येतात हे मला काय माहीत. पुढचा पाऊण तास तो शिंकत होता आणि मी टिश्यू देत होते. घरी आल्यावर आईने विचारलं, कसा आहे? म्हटलं, सर्दी आहे.

आता तिथे मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. नवरा त्या बाजूने गाडी नेतच नाही. तो म्हणतो पार्किंग मिळत नाही म्हणून. खरं कारण मला माहीत आहे.

बगळ्या:

😂 'सर्दी आहे' ला शंभर मार्क.

सांगलीकरीण:

पुण्या-मुंबईच्या लोकांना एक बंद झालं तर दुसरं आहे. आमच्यासारख्या गावात साखळीचं कॅफे आलं तेव्हा पहिल्यांदा एक मुलगी एकटी, हातात पुस्तक घेऊन, दोन तास बसू शकली. त्याआधी काय होतं? हॉटेलात गेलं की वेटर न विचारता बोट दाखवायचा : 'फॅमिली रूम' तिकडे. पडदा लावलेली खोली, आत ट्यूबलाइट. एकटी बाई दिसली की मालक दोनदा विचारणार, अजून कोण येणार आहे?

त्या काचेच्या दुकानात कुणी विचारलं नाही. ऐंशी रुपये महाग होतेच, पण मी ते कॉफीचे देत नव्हते. ते बंद झाल्यावर चिडले ती यासाठी. कंपनीला तोटा झाला असेल, पण आमचं काय गेलं ते त्यांच्या ताळेबंदात कुठे लिहिणार?

ताळेबंद:

माझं नाव घेतलंत म्हणून आलो :)

सीसीडीचा विषय निघालाच आहे तर आकडे बघा. मार्च २०१९ ला देशात १,७५२ कॅफे होते. मार्च २०२३ ला उरले ४६९. चार वर्षांत चारातले जवळपास तीन गेले. आणि खडूसराव, हे नुसते एका कॅपुचिनोवर तीन जण बसल्यामुळे गेले नाहीत.

सीसीडीच्या समूहावर मार्च २०१९ मध्ये ७,२०० कोटींच्या आसपास कर्ज होतं. कॉफीच्या जोडीला इतर धंदे उभे राहिले : टेक पार्क, रिसॉर्ट, लॉजिस्टिक्स, माइंडट्री या आयटी कंपनीतली गुंतवणूक. मार्च २०१९ मध्ये माइंडट्रीचा हिस्सा एल अँड टीला विकूनही भागलं नाही. २९ जुलै २०१९ ला सीसीडीचे संस्थापक सिद्धार्थ मंगळूरजवळ नेत्रावतीच्या पुलावरून बेपत्ता झाले आणि ३१ तारखेला त्यांचा मृतदेह सापडला. पुढच्या चौकशीत असं बाहेर आलं की कंपनीच्या उपकंपन्यांमधून २,६९३ कोटी रुपये त्यांच्या खासगी कंपनीकडे गेलेले आहेत. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने त्यावरून जानेवारी २०२३ मध्ये कंपनीला २६ कोटींचा दंड ठोठावला.

मग कोविड. आधीच बुडणाऱ्याच्या पायाला दगड. डिसेंबर २०२० मध्ये सिद्धार्थ यांच्या पत्नी मालविका हेगडे यांनी सूत्रं हातात घेतली. बंगळूरचा टेक पार्क ब्लॅकस्टोनला विकून बराच बोजा उतरवला गेला आणि तोट्यातली कॅफे धडाधड बंद केली. उरलेल्यांची रोजची विक्री त्यानंतर वाढली. धंद्याच्या दृष्टीने निर्णय बरोबर होता, आणि सांगलीकरीण ताई म्हणतात तेही खरं आहे. ताळेबंदाला तो रकाना नसतो.

बोका:

एवढं वाचून मलाच कॉफी लागणार आहे.

पितळी_फिल्टर:

बंगळूरकर मराठी इथे हजर. ब्रिगेड रोडवर १९९६ साली पहिलं कॅफे कॉफी डे उघडलं ते सायबर कॅफे म्हणून. कॉफी घ्या, इंटरनेट वापरा. गावात घरोघरी दाट डिकॉक्शन निघत असताना कॉफीसाठी एवढे पैसे कोण देणार म्हणून लोक हसले होते. पण ते विकत होते टेबल. इंटरनेट घरी आलं, खिशात आलं, तरी लोक येत राहिले.

सोफ्यांवरून आठवलं. सिद्धार्थ चिकमगळूरच्या कॉफी मळेवाल्या घराण्यातले. कॉफी घरची, भाजणं घरचं, कॅफे घरचे आणि फर्निचरसाठीसुद्धा डार्क फॉरेस्ट नावाची स्वतःची कंपनी. मळ्यापासून खुर्चीपर्यंत सगळं एका हातात. चाललं तेव्हा फार चाललं.

अजून एक गंमत. कॅफे गेले म्हणून रडताय, पण तुमच्या ऑफिसातल्या पँट्रीत जे मशीन घरघरत असतं ना, त्यावरचं नाव वाचा. अशी ५० हजारांच्या आसपास मशिन्स आहेत देशात. कंपनी कुठे गेलेली नाही. तुमचं टेबल तेवढं काढून घेतलं.

बगळ्या:

त्या मशीनच्या पाण्याला कॉफी म्हणणाऱ्याचा आयडी उडवा.

फेसाळ:

बरीच वर्षं वाचनमात्र होतो, या धाग्यासाठी खातं उघडलं. मी काउंटरच्या पलीकडे साडेतीन वर्षं काढलीत. कुठल्या साखळीत ते विचारू नका.

शेवंताताई, त्या मुलाने तुम्हाला सांगितलं नाही कारण त्याला सांगायची परवानगी नसते, आणि बऱ्याचदा माहीतही नसतं. आम्हाला खुणांवरून कळायचं. आधी पेस्ट्री कमी येतात. मग एसी बिघडतो आणि दुरुस्तीचा माणूस येतच नाही. मग तीनाची शिफ्ट दोघांवर येते. मग दुधाचा पुरवठादार रोख मागायला लागतो. त्या दिवशी समजायचं, बायोडाटा काढा.

आणि चार तास बसणाऱ्यांबद्दल. आमचा त्यांच्यावर राग नसायचा. पावसाळ्यातल्या मंगळवारी दुपारी आख्ख्या दुकानात ते एकटेच असायचे. रिकाम्या दुकानात कुणी शिरत नाही, बसलेला माणूस हीच जाहिरात. राग यायचा तो साखरेच्या पुड्या पर्समध्ये भरणाऱ्यांचा. एक आजी होत्या, एक एस्प्रेसो मागवायच्या, 'एवढीशीच?' म्हणून दरवेळी भांडायच्या, मग वर गरम पाणी घालून घ्यायच्या. तीन वर्षं, दर बुधवारी. शटर पाडलं त्यानंतरच्या बुधवारी मी सामान मोजायला गेलो होतो, तर त्या बाहेर उभ्या. मला म्हणाल्या, अरे, मग मी आता कुणाशी भांडू?

सदाफुली:

फेसाळ, लिहीत रहा इथे.

खडूस_पेठकर:

मुद्दा मान्य. रिकाम्या दुकानाचं माझ्या लक्षात आलं नव्हतं. साखरेच्या पुड्यांबद्दल मात्र मी काही बोलणार नाही, आमच्या घरी एक बरणी आहे.

तात्या_दादरकर:

मंडळी, कॉफीची मोठी साखळी दुकानं बंद करते आणि लोक भडकतात, हे आपल्याकडे सत्तर वर्षांपूर्वी होऊन गेलंय. इंडिया कॉफी हाउस. पहिलं १९३६ साली आपल्या मुंबईत, चर्चगेटला. पुढे सरकारी कॉफी बोर्डाने देशभर काढली. पन्नासच्या दशकात बोर्डाला ती जड झाली आणि बंद करायचं ठरलं. कामगार रस्त्यावर. तेव्हा कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी त्यांना सांगितलं की तुम्हीच चालवा. १९५७ च्या ऑगस्टमध्ये बंगळूरला पहिली सहकारी संस्था झाली, ऑक्टोबरमध्ये दिल्लीला कामगारांचं पहिलं कॉफी हाउस उघडलं. कोलकात्याचं कॉलेज स्ट्रीट, त्रिवेंद्रमला वास्तुशिल्पकार लॉरी बेकरने बांधलेलं ते गोल गोल वर चढत जाणारं, ही सगळी त्यातली. वेटरच्या डोक्यावर तो तुरेवाला फेटा अजून असतो.

म्हणजे मालकाने हात वर केले तेव्हा कामगारांनी टेबलं सोडली नाहीत. आज असं कुणाच्या डोक्यात तरी येईल का?

खडूस_पेठकर:

तात्या, महाराष्ट्रात सहकार म्हटलं की आधी अध्यक्षांची गाडी येते, मग कॉफी.

ताळेबंद:

शिवाय तेव्हा भाडं एवढं नव्हतं. फेसाळ आणि मित्रमंडळींनी आज डेक्कनला जागा घ्यायची म्हटलं तर अनामत रकमेतच संस्था बरखास्त होईल.

तात्या_दादरकर:

तेही खरं. पण भाड्याने मरणारी एकटी कॉफीच नाही. जहांगीर आर्ट गॅलरीतलं समोवार आठवतं का? १९६४ पासूनचं, २०१५ च्या मार्चअखेर बंद झालं, जागेवरूनच. शेवटच्या दिवसांत तिथे रांगा. त्यातले निम्मे लोक दहा वर्षं फिरकले नव्हते, मीही त्यांतलाच. ग्रँट रोडच्या बी. मेरवानचं तर २०१४ मध्ये बंद होणार म्हणून जाहीर झालं. लोकांनी पहाटेपासून रांगा लावून डोळ्यांत पाणी आणून मावा केक खाल्ले, आणि मग ते पुन्हा उघडलं!

बोका:

म्हणजे तेराव्याचं जेवण झालं आणि माणूस दारात उभा.

पावसाळी_बेडूक:

सिएटलहून. इथे २०२५ च्या सप्टेंबरात स्टारबक्सने एक अब्ज डॉलरच्या फेररचनेत शेकडो दुकानं बंद केली. जाहीर झालं आणि त्याच आठवड्यात कुलपं. त्यात इथल्या कॅपिटल हिल भागातली मोठी रोस्टरीही (कॉफी भाजायची जागा आणि कॅफे एकत्र) गेली. २०१४ साली उघडलेली, तांब्याची भलीमोठी पिंपं, पाहुणे आले की दाखवायला न्यायची जागा. ज्या गावात १९७१ साली कंपनी जन्मली त्याच गावात. तिथल्या कामगारांनी युनियन केली होती, त्यामुळे बंद का केली यावर अजून वाद चालू आहेत.

अमेरिकेत २००८ मध्ये ६०० दुकानं बंद करणार म्हणाले तेव्हाही लोकांनी आपापलं दुकान वाचवायला सह्यांच्या मोहिमा काढल्या होत्या. गंमत ही की त्याआधी काही वर्षं हेच लोक 'आमच्या गावात ही साखळी नको, छोटी कॅफे मरतील' म्हणत होते. छोटी मेली, मग मोठंही गेलं. शेवंता, तुझा 'फसवल्यासारखं' हा शब्द मला इथे तंतोतंत लागू वाटतो.

उलट्या_ऋतूत:

आमच्या ऑस्ट्रेलियात उलटं झालं. त्याच २००८ साली स्टारबक्सने इथली ८४ पैकी ६१ दुकानं बंद केली, आणि मेलबर्नकरांनी फारशी आसवं गाळली नाहीत. इथे इटालियन आणि ग्रीक मंडळींनी आधीच गल्लीगल्लीत उत्तम कॉफी रुजवली होती. कॉफीवाल्याला तुमचं नाव माहीत असतं, तुमच्या कुत्र्याचंही. साखळी गेली तर टेबल शिल्लक होतं. राग यायला दुसरी जागा नसावी लागते, असं माझं मत.

सांगलीकरीण:

हेच मी वर म्हणत होते, तुम्ही सुटसुटीत म्हटलंत.

केतकी_खरवस:

अवांतर : कोल्ड कॉफीत आइस्क्रीम घालतात ती कॉफी की मिल्कशेक?

पितळी_फिल्टर:

मिल्कशेक.

सदाफुली:

कॉफी.

पितळी_फिल्टर:

सदाफुली, तुमच्या नवऱ्याला विचारा.

संपादक:

कोल्ड कॉफीसाठी वेगळा धागा काढावा. वैयक्तिक शिंकांवर येऊ नये.

नलूमावशी:

सगळे प्रतिसाद वाचले. एक गोष्ट कुणीच लिहिली नाही, मग मीच लिहिते, लाजायचं काय त्यात. स्वच्छतागृह.

आम्ही वर्षातून तीन-चार वेळा गाडीने कोल्हापूरला जातो. मी अडुसष्ट वर्षांची, मधुमेह आहे. हायवेला कॉफीच्या दुकानाची पाटी दिसली की जीव भांड्यात पडायचा. एक कॉफी घ्यायची, यांना द्यायची आणि आपण आत जायचं. कडी धड, पाणी चालू, कागद असायचा. ढाब्यावर मागच्या अंधारात जायचं म्हणजे सुनेला टॉर्च धरून उभं करावं लागतं. एका खेपेला ओळखीच्या वळणावर आलो तर दुकान बंद, काचांवर वर्तमानपत्रं लावलेली. पुढचे चाळीस किलोमीटर मी काय काढलेत ते मलाच ठाऊक. त्या दिवशी मला कंपनीचा राग आला नाही. एवढ्या मोठ्या रस्त्यावर टोल घेतात आणि बाईला जायला एक धड जागा नाही, त्याचा आला.

केतकी_खरवस:

मावशी 🙏 माझ्या डोक्यात नव्हतं, पण आता आठवतंय, प्रवासात मीही नेमकं हेच करत आलेय.

फेसाळ:

मावशी, आम्हाला नियम होता की गिऱ्हाईक नसेल तर स्वच्छतागृह वापरू द्यायचं नाही. बाई असली, सोबत लहान मूल असलं, की आम्ही सरळ काउंटरकडे पाठ करून कप पुसत बसायचो.

खडूस_पेठकर:

हा प्रतिसाद वाचून माझा पहिला प्रतिसाद जरा ओशाळलाय.

बोका:

सगळे हळवे झालात, मग माझंही ऐका. एका साखळीच्या अ‍ॅपात माझे २४० रुपये अडकलेत. शहरातल्या त्यांच्या सगळ्या शाखा बंद. कस्टमर केअर म्हणतं, जवळच्या शाखेत वापरा. जवळची शाखा ११२ किलोमीटरवर आहे.

ताळेबंद:

जाऊन या. पेट्रोलची पावती ठेवा, तोटा पुढच्या वर्षी ओढता येईल.

शेवंता_कोथरूड:

सगळ्यांचे आभार. दोन दिवस घरी इंटरनेट बंद होतं (यापूर्वी असं झालं की कुठे जायचे ते तुम्हाला कळलंच असेल), म्हणून उशीर.

मला वाटतं ब्लाउजवाल्या काकांनी आम्हाला कधी 'या, बसा, हे तुमचंच घर' असं म्हटलं नव्हतं. ते कपडे शिवायचे, आम्ही पैसे द्यायचो. इथे मात्र भिंतीवर लिहिलेलं होतं, गप्पा मारा, वेळ काढा, माणसं जोडा. मी तो मजकूर खरा धरला. नलूमावशी आणि सांगलीकरीण यांचं वाचल्यावर माझा राग थोडा दुसरीकडे वळलाय. एवढ्या मोठ्या कोथरुडात दोन माणसांना दोन तास बसायला वाचनालय नाही, बागेत धड बाक नाही. बागेत गेले होते मी, खरंच. विद्यार्थ्याला क्रियापदं समजावतेय तर शेजारचे हास्यक्लबवाले आजोबा उठून म्हणाले, मॅडम, हे संस्कृत का?

पण मुख्य प्रश्नाचं उत्तर कुणीच दिलेलं नाही! कोल्ड कॉफीवर पाच प्रतिसाद आणि जागेवर शून्य.

बगळ्या:

धाग्याची परंपरा आहे ती.

खडूस_पेठकर:

बरं, ऐका. आमच्या ओळखीच्या एका उडुप्याचं हॉटेल आहे, कर्वे रोडपासून पाच मिनिटांवर. वरच्या मजल्यावर साडेतीन ते साडेसहा कुणी नसतं. मी काल जाऊन विचारून आलो. अण्णा म्हणाले, बसू देत, पण आल्यावर एक आणि उठताना एक, अशी दोनदा ऑर्डर पाहिजे. स्टीलच्या पेल्यातली फिल्टर कॉफी आहे, डबरा-सेट. स्वच्छतागृह पाहून आलो, मावशी, कडी लागते. पत्ता व्यक्तिगत निरोपात पाठवतो.

शेवंता_कोथरूड:

खडूसराव!! तुम्ही स्वतः जाऊन आलात? गुरुवारपासून तिथेच. चार्जिंगला प्लग आहे का?

खडूस_पेठकर:

एक आहे. त्याला पंखा लावलाय.